चोरांनाही आपला हंगाम कळतो

एप्रिल-मे महिन्यांत आंब्याची पेटी, पाऊस सुरू झाला की गणपतीचं रेल्वे तिकीट, तुळशीचं लग्न उरकलं की लग्नपत्रिका, आणि आंगणेवाडीची तारीख ठरली की जत्रेच्या खोल्या. मालवणात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि फसवणुकीची प्रकरणं माझ्या काउंटरवर साधारण याच क्रमाने येतात. तेव्हा फोन बिघडलेला नसतो. माणूस दुकान रिकामं व्हायची वाट बघत बाहेर उभा राहतो, मग फोन पुढे सरकवतो आणि म्हणतो, "ह्यां जरा बघ रे."

यातली आंगणेवाडीची गोष्ट मला नेहमी चक्रावून टाकते. भराडीदेवीच्या जत्रेला पंचांगातली तिथी नसते. देवीचा कौल झाला की तारीख कळते. म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरात ती आधी छापलेली नसते. पण तारीख जाहीर झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फेसबुकवर "जत्रेसाठी खोल्या उपलब्ध, ॲडव्हान्स आवश्यक" अशी पानं उगवतात आणि त्यांवर मसुऱ्यातल्या, मालवणातल्या खऱ्या घरांचे फोटो असतात. कुठल्या तरी परराज्यात, नाहीतर कंबोडियातल्या एखाद्या कॉल सेंटरमध्ये बसलेल्या माणसाला आमच्या देवीचा कौल कोण सांगतं? आम्हीच सांगतो. तारीख फुटल्यावर तासाभरात स्टेटस, रील, पुढाऱ्यांचे स्वागताचे बॅनर, "यंदा कोण कोण येतंय" ही विचारणा, आणि खाली दीडशे कमेंटी. कोण मुंबईहून येणार, कोणाला तिकीट मिळालेलं नाही, कोणाला खोली हवी आहे, सगळं नावानिशी.

माझ्या मावसभावाचं देवबागला घरगुती राहण्या-जेवणाचं आहे. चार खोल्या, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. जुलैतली गोष्ट. तो बाजारात नव्या चादरी घ्यायला आला होता आणि फोन चार्जिंगला लावायला माझ्याकडे थांबला. चादरी कशाला विचारलं तर म्हणाला, फौजी येणार आहेत, पंधरा जण, चारही खोल्या दोन रात्री. युनिट गोव्याला चाललंय. भर पावसात चारही खोल्या एकदम जाणार म्हटल्यावर त्याचा चेहरा असा फुलला होता की मला काही बोलवेना. दरात घासाघीस नाही, जेवणाला काय तर "सब चलेगा". व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो, कँटीनचं कार्ड, आधार कार्ड, सगळं न मागता आलेलं.

तेवढ्यात त्या फौजीचाच फोन आला. मी स्पीकर लावायला सांगितलं. आवाज एकदम अदबशीर. "सर, हमारे यहाँ पेमेंट का सिस्टम थोड़ा अलग है. आप पहले एक रुपया भेजिए, आपको दो रुपये वापस आएँगे." भावाने एक रुपया पाठवला. दोन रुपये आले. खरंच आले! त्याने माझ्याकडे असं बघितलं की, बघ, तू उगाच संशय घेत होतास. मग क्यूआर कोड आला. "इसको स्कैन कीजिए, अमाउंट में अठारह हज़ार डालिए, पिन डालिए, पैसे आपके खाते में आ जाएँगे."

मी फोन हातात घेतला आणि म्हटलं, पैसे घ्यायला पिन कशाला लागतो? त्यावर त्याचा आवाज क्षणात बदलला. मघाचा 'सर' गेला, थेट 'तू'वर आला. "फौजी पे शक करता है? शर्म नहीं आती? तेरे जैसों के लिए हम बॉर्डर पे खड़े हैं." आणि कमाल अशी की माझा भाऊ, ज्याचे अठरा हजार वाचले होते, तो मलाच खुणेने सांगत होता, जाऊ दे रे, कशाला दुखवतोस. मला या धंद्यातली खरी कारागिरी तिथे दिसली. आधी मान द्यायचा, मग दोन रुपयांनी विश्वास बसवायचा, आणि काम फिसकटलं की लाज वाटायला लावायची. क्यूआर शेवटी येतो, माणूस त्याआधीच अर्धा झुकलेला असतो.

यूपीआयमध्ये पिन फक्त आपल्या खात्यातून पैसे जाताना (किंवा शिल्लक बघताना) लागतो. पैसे यायला काहीच करावं लागत नाही, ना स्कॅन, ना पिन. पूर्वी "पैसे पाठवतो" म्हणून उलट मागणीच पाठवायचे आणि लोक मंजूर करून बसायचे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी पाठवायची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केली. एक दार लागलं. क्यूआरचं मात्र उघडंच आहे, कारण तिथे पिन आपण आपल्या हाताने टाकतो.

त्या दिवशी दुकान बंद केल्यावर आम्ही दोघांनी बसून त्या माणसाला काय काय माहीत होतं ते काढलं. त्याला मावशीचं नाव माहीत होतं, फोनवर तो तिला काकू म्हणाला होता. तिची सोलकढी प्रसिद्ध आहे हे माहीत होतं. जुलैत खोल्या रिकाम्या आहेत हे माहीत होतं. सगळं भावाच्या रीलमध्ये होतं: "पावसाळी ऑफर, चारही खोल्या उपलब्ध, आईच्या हातची सोलकढी", खाली नंबर. आता धंदा करायचा तर हे टाकावंच लागणार. नंबर लपवून गिऱ्हाईक कसं येईल? भावाला रील काढू नकोस असं मी म्हटलेलं नाही. मात्र दुसरी एक गोष्ट त्याला दाखवली. ज्या फौजीचं आधार कार्ड आलं होतं, ते बहुधा एखाद्या खऱ्या माणसाचंच असणार. त्याने कुठेतरी खोली घेताना, सिम घेताना पाठवलेलं, तिथून फिरत फिरत इथवर आलेलं. मग मी भावाची गॅलरी उघडली. गेल्या तीन-चार हंगामांतल्या पाहुण्यांची आधार कार्डं, पुढून-मागून, जेवणाच्या ताटांच्या फोटोंमध्ये मिसळलेली! आणि व्हॉट्सॲपचे फोटो आपोआप उतरवून घेणारी सेटिंग चालू, गॅलरी गूगलवर चढवणारी चालू, आणि फोन त्याच्या सात वर्षांच्या मुलाच्या हातात खेळायला.

पाहुण्यांकडून ओळखपत्र घ्यावंच लागतं, नोंद ठेवावी लागते. पण आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साईटवरून मास्क्ड आधार काढता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. नाहीतर कार्ड समोर बघावं, वहीत नोंद करावी. भाऊ आता वही ठेवतो. मावशीला वहीच बरी वाटते, तिला त्यात पाहुण्यांच्या जेवणाची पथ्यंही लिहिता येतात.

गुप्ततेचं नाव काढल्यावर माझ्या काउंटरबद्दलही बोलायला हवं. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या फोनच्या पाठीवर चिकटपट्टी लावून नाव आणि बिघाड लिहायची पद्धत आहे. मच्छीमारांच्या फोनचे चार्जिंग जॅक मिठाने हिरवे होऊन येतात, ते सोल्युशनने धुवावे लागतात, जमलं नाही तर बदलावे लागतात. काम झाल्यावर तपासायला लॉक उघडावा लागतो, म्हणून लोक पॅटर्न सांगतात. सांगतात म्हणजे भर दुकानात ओरडून. "एल काढ रे, इंग्लिश एल!" एक खलाशी तर यूपीआयचा पिनही सांगून गेला, म्हणाला, दुरुस्तीचे पैसे तूच काढून घे, माका वेळ नाय. गावातल्या या विश्वासाचं मला कौतुकच आहे. पण सांगणाऱ्याच्या मागे चार गिऱ्हाइकं उभी असतात. बहुतेक नव्या फोनमध्ये दुरुस्तीसाठी वेगळा मोड येतो किंवा पाहुण्यांसाठी वेगळं प्रोफाईल काढता येतं, त्यात तुमचे फोटो आणि ॲपं दिसत नाहीत. मी ते समोर लावून घेतो. वेळ लागतो, म्हणून काही जण वैतागून समोरच्या दुकानात जातात. जाऊ देत.

आता आंबा. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. देवगडच्या बागायतदारांनी 2025 च्या हंगामापासून फळावर वेगळ्या क्रमांकाचं स्टिकर लावायला सुरुवात केली, कारण देवगडच्या नावावर कुठलाही आंबा खपत होता. फळाची नक्कल त्याने आटोक्यात येईल कदाचित. पण बागेच्या फोटोला स्टिकर कोण लावणार? माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराने झाडावरच्या आंब्यांचे, पेंढ्यात भरलेल्या पेट्यांचे फोटो हौसेने टाकले होते. तेच फोटो उचलून कोणीतरी पान काढलं, भाव बाजाराच्या निम्मा, "पाच डझनाची पेटी, घरपोच, आगाऊ रक्कम भरा". पुण्या-ठाण्याच्या लोकांनी भरली. पेटी आली नाही तेव्हा लोकांनी फोटोतल्या पेटीवर छापलेला नंबर शोधला. तो खरा, या बागायतदाराचा. ऐन तोडणीत त्याला दिवसभर शिव्यांचे फोन. एका बाईंनी तर त्याला सांगितलं म्हणे की तुमच्या कोकणातल्या माणसांवर विश्वास होता हो आमचा. तो मला हे सांगताना हसत होता, पण त्याच्या कलमांवर त्या वर्षी त्याचं लक्ष नव्हतं.

असल्या पानांची जाहिरात पैसे भरून केलेली असते, नावाखाली 'प्रायोजित' लिहिलेलं असतं, आणि लोकांना वाटतं पैसे घेतलेत म्हणजे फेसबुकने तपासलं असेल. नोव्हेंबर 2025 मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांवरून बातमी दिली. 2024 च्या उत्पन्नातला सुमारे 10 टक्के भाग फसव्या आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींतून येईल, असा त्या कंपनीचा स्वतःचाच अंदाज होता. जाहिरातदार ठक असल्याची 95 टक्के खात्री झाली तरच त्याला हाकलायचं. त्याहून कमी संशय असेल तर दर वाढवून लावायचा. मेटाने हा अंदाज ढोबळ आणि फुगलेला असल्याचं म्हटलं, तेही नोंदवून ठेवतो. मला त्यातली वेगळीच गोष्ट लागली. जो माणूस एकदा फसव्या जाहिरातीवर बोट ठेवतो, त्याला तशा जाहिराती जास्त दिसत राहतात, कारण यंत्राच्या हिशेबात ती त्याची आवड ठरते. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त मास्तरांच्या फोनमध्ये हे मी प्रत्यक्ष बघितलंय. सांधेदुखीचं तेल, त्याखाली शेअरबाजाराचा गुरू, त्याखाली कुठल्याशा उद्योगपतीचा बनावट व्हिडिओ. मास्तरांना वाटतं, जगात सगळीकडे हेच चाललंय. सचिन तेंडुलकरचा असाच बनावट व्हिडिओ एका गेमच्या जाहिरातीसाठी फिरला तेव्हा जानेवारी 2024 मध्ये त्यालाच जाहीर सांगावं लागलं की हा मी नव्हे. पण तोंड त्याचं, आवाज त्याचा. मास्तरांनी काय करावं?

"माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" हे वाक्य दुकानात रोज ऐकतो. यावर मी केंब्रिज ॲनालिटिकाची, म्हणजे फेसबुकवरच्या लोकांची माहिती निवडणूक प्रचारासाठी वापरणाऱ्या ब्रिटिश कंपनीची गोष्ट सांगतो. लोक कंटाळतात, तरी सांगतो. एक व्यक्तिमत्त्व चाचणीचं ॲप होतं, फेसबुकवर चालायचं. भारतात ते घेतलं फक्त 335 जणांनी. पण त्या ॲपला मित्रांचीही माहिती ओढता येत होती, म्हणून भारतातल्या 5 लाख 62 हजारांहून जास्त लोकांची माहिती गेली असण्याची शक्यता निघाली. हा आकडा 2018 मध्ये फेसबुकनेच दिला. म्हणजे ज्याने चाचणी दिली नाही, कशावर बोट ठेवलं नाही, तोही गेला. तुमच्या गुप्ततेचा निर्णय कुणाच्या तरी भाच्याने कंटाळलेल्या दुपारी घेतलेला असतो. कर्ज देणारी ॲपंही तेच करतात. पैसे हवेत एकाला, पण धमक्यांचे फोन त्याच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांना. कर्जाच्या ॲपने संपर्क यादी आणि गॅलरीत हात घालू नये, असं रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच बजावलंय. पण बेकायदा ॲप रिझर्व्ह बँकेला विचारून निघत नाही.

कायदाही आहे. गुप्तता हा मूलभूत अधिकार असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी सांगितलं, वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे 18 महिन्यांची मुदत. तोवर फोन तुमच्याच हातात.

लग्नपत्रिकेचं प्रकरण शेजारच्या काकींच्या फोनमध्ये बघितलं. भाच्याच्या नंबरावरून पत्रिका आली. फाईलचं नाव लग्नपत्रिका, शेवटी एपीके. मी विचारलं, "काकी, ह्यां कोणी पाठवल्यान?" काकी म्हणाल्या, "माझ्या भाच्यान. मगे उघडूक नको?" बरोबर आहे त्यांचं. भाच्याने पाठवलेली पत्रिका उघडायची नाही तर काय करायचं? भाच्याचा फोन आधीच लागण झालेला होता, त्याने स्वतः काहीच पाठवलं नव्हतं. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते, एपीके म्हणजे ॲप. ते बसलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं, ओटीपी परस्पर पुढे पाठवतं, आणि तुमच्या नावाने तुमच्या माणसांना तीच पत्रिका जाते. हाच माल वाहतूक दंडाच्या चलनाच्या नावाने, पीएम किसानच्या नावाने फिरतो. काकींच्या फोनने "अनोळखी ॲप" म्हणून अडवलं होतं, म्हणून वाचल्या. ती अडवणूक काढून टाकायला सांगणारा फोन मात्र पाठोपाठ आला होता, "काकी, परवानगी द्या" म्हणत. तोही मराठीत.

व्हॉट्सॲप ताब्यात घेण्याची तऱ्हा याहून साधी. "चुकून माझा सहा आकडी कोड तुम्हाला आलाय, पाठवा ना." पाठवला की खातं गेलं. मग वाडीच्या ग्रुपवर तुमच्या नावाने "हॉस्पिटलात आहे, आठ हजार पाठवा, यूपीआय चालत नाही, या नंबरवर टाका". मुंबईच्या चाकरमान्यांना गावाकडच्या नावाने असा निरोप आला की ते विचार करत नाहीत, पाठवतात. सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन असतं, सहा आकड्यांचा वेगळा पिन. तो असला की नुसत्या कोडवर खातं जात नाही. स्क्रीनगार्ड चिकटवायला मला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात हे होतं, म्हणून मी गिऱ्हाइकाकडूनच तेवढ्या वेळात करून घेतो.

ग्रुपांचं दुसरं रूप पैशाशी संबंधित नसतं आणि मला ते जास्त भीतीदायक वाटतं. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने भिक्षेकरी नाथपंथी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा आणली. तसले निरोप आमच्या ग्रुपवरही आले होते, गावाचं नाव तेवढं बदलून. मुलांना शाळेत सोडायला बाया जथ्याने जायला लागल्या होत्या. त्या दिवसांत आमच्या बाजारात कोणी झोळीवाला आला असता तर आम्ही काय केलं असतं, हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

आणि हो, बंद घरं. हे खास आपलं. आजोबांच्या घराचा फेरफटका, माजघरातली पितळी समई, देवघर, मागच्या दाराची कडी, सगळं व्हिडिओत, आणि शेवटी कुडाळ स्टेशनवरून "निघालो, आता भेटू गणपतीत". घर आठ महिने बंद राहणार, हे याहून स्पष्ट कुलूपही सांगत नाही. मुंबईला पोचल्यावर टाका की व्हिडिओ, शेवटचं वाक्य गाळून.

पैसे गेलेच तर 1930, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन. फोन लावण्याआधी व्यवहाराचा 12 आकडी क्रमांक, वेळ, रक्कम आणि ज्याला गेले त्याचा यूपीआय पत्ता एका कागदावर लिहून घ्या, कारण तिकडून हेच विचारतात आणि माणूस तेव्हा थरथरत असतो. पैसे पहिल्या खात्यातून पुढच्या खात्यात उडायच्या आत गोठवता आले तर आले. म्हणून आधी पोराला विचारतो, मग भावाला, मग सकाळी बँकेत जातो, असं करू नका. "लोक काय म्हणतील" यात पहिला तास जातो. पुरुष यात जास्त वेळ घालवतात, हे माझं काउंटरवरून केलेलं निरीक्षण.

देवबागच्या भावाला फौजींचे फोन अजून येतात, यादीत नंबर गेला की तो जात नाही. आता तो एकच वाक्य म्हणतो, "साहब, पहले आ जाओ, पैसे बाद में." पलीकडचे बहुतेक जण फोन ठेवतात. गेल्या डिसेंबरात एकाने ठेवला नाही. "ठीक है, आ जाते हैं," म्हणाला आणि बायको-मुलांना घेऊन संध्याकाळी दारात उभा राहिला. सुट्टीवर आलेला खराखुरा हवालदार. त्याने ओळखपत्र काढायच्या आधीच सांगितलं की तुमच्या किनाऱ्यावर तीन घरांनी फौजी म्हटल्यावर फोन कापला. मावशी त्याला म्हणाली, "बाबा, आधी जेव." आणि भावाने तरीही आधार कार्ड मागितलंच, वहीत लिहिण्यापुरतं.